रोजच्या फेरीसाठी कापशी: चप्पल लाईनीतल्या एका जोडीविषयी

कोल्हापुरी चप्पल आता लग्नात, गणपतीत आणि फोटोत दिसते. संध्याकाळी भाजी आणायला, देवळात जायला, रंकाळ्यावर वारा खायला बाहेर पडलेल्या माणसाच्या पायात ती क्वचितच असते, आणि हे आमच्या कोल्हापुरातच. मला ते खटकतं. ही मुळात रानात आणि बाजारात दिवसभर चालणाऱ्या माणसांची पायताणं. म्हणून दिवाळीनंतर चप्पल लाईनीतून घेतलेली कापशी या प्रकारच्या कोल्हापुरीची जोडी मी समारंभासाठी कपाटात न ठेवता रोजच्या चालण्यालाच वापरते आहे. हिवाळा गेला, चैत्र-वैशाखाचं ऊन झालं, वळीव पडून गेला. आता तिच्याविषयी खात्रीने लिहिता येईल.

माझी फेरी ठरलेली आहे. घर शिवाजी पेठेत. निवृत्ती चौकातल्या अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून निघायचं, बिनखांबी गणेश मंदिरावरून महाद्वार रोडला लागायचं, गर्दीतून वाट काढत पापाची तिकटी, पुढे गंगावेश, तिथून रंकाळा स्टँड. टॉवरपाशी तळ्याचा वारा अंगावर घ्यायचा आणि काठाकाठाने, तळ्यातल्या दगडी संध्यामठाच्या बाजूने पुन्हा पेठेत. रमतगमत गेलं आणि ओळखीची चार माणसं भेटली की दीड तास सहज जातो. सुट्टीच्या दिवशी ही फेरी कधी बिंदू चौकाकडे वळते, कधी पंचगंगा घाटाकडे, कधी खासबागेकडे.

या फेरीत चालण्याइतकंच पायातलं काढणं-घालणं असतं, हे चपलेबद्दल लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. अंबाबाईच्या दर्शनाला बाहेर स्टँडवर चप्पल द्यायची. महाद्वार रोडला साडीच्या दुकानात गादीवर बसायचं तर पायरीपाशी काढायची. सोनाराकडे साज गाठवायला टाकलेला असतो, तिथेही तेच. वाटेत मावशीचं घर लागतं, तिला हाक मारल्याशिवाय पुढे जायची सोय नाही, म्हणजे पुन्हा उंबऱ्याबाहेर चप्पल. मी आधी बरीच वर्षं नाडीचे बूट घालून जात असे. चालायला ते उत्तम, पण दर उंबऱ्याला वाकायचं, मोजे सावरायचे, आणि कमरेला ते आता मानवत नाही. कोल्हापुरीचा अंगठा सोडला की पाय मोकळा. जुन्या पेठांच्या या शहरात, जिथे दर शंभर पावलांवर कुणीतरी आत बोलावतं, तिथे हेच पायताण का रुळलं असेल ते मला चालता चालताच कळलं.

आता खरेदीची गोष्ट. चप्पल लाईन शिवाजी चौकापासून हाकेच्या अंतरावर आहे. दोन्ही बाजूंना दुकानं, दारात दोऱ्यांवर टांगलेल्या जोड्या, आणि बाहेरगावचा माणूस दिसला की एकाच वेळी चारी बाजूंनी हाका. सोनेरी पट्ट्याच्या, निळ्या-गुलाबी रंगाच्या, मोत्यांच्या जोड्या पुढे लावलेल्या असतात. साध्या, तेलकट तपकिरी जोड्या मागे किंवा माळ्यावर. मी थेट साधीच मागितली. ज्यांच्या दुकानातून घेतली ते मामा साठीच्या पुढचे असतील. त्यांनी माझा पाय आधी नीट पाहिला, नंबर नंतर विचारला.

"ताई, पाऊल रुंद हाय तुमचं. बायकांच्या फॅशनीच्या जोड्यात बसायचं न्हाई. कापशी दावतो, साधी, जाड तळाची. चालायलाच पायजे न्हवं?"

"रोज चालायला. रंकाळ्यापर्यंत."

"मग हीच घ्या."

दुकानात उठून चार पावलं चालून दाखवा म्हणाले, मी दारापर्यंत जाऊन आले, टाच मागे लोंबत नाही ना ते त्यांनी खाली बसून पाहिलं. मग दुसरा जोड आणला, त्याचा पट्टा थोडा पुढे होता. माझ्या रुंद पावलाला तो बरोबर बसला. 1,800 रुपये झाले. घासाघीस करून दीडशे-दोनशे कमी झाले असते, पण मी केली नाही. का ते पुढे येईलच.

घरी आल्यावर मी ही जोडी उजेडात धरून बराच वेळ बघितली. तळ म्हशीच्या कातड्याचा, थरांवर थर बसवून ठोकलेला. टाचेखाली आणखी एक थर, तिथे जाडी माझ्या अंगठ्याएवढी भरते. कडेने शिवण आहे ती दोऱ्याची नसून कातड्याच्याच बारीक वादीची, आरीने भोक पाडून एकेक टाका ओवलेला. खिळा एकही नाही. टाके सगळे एकसारखे दिसतात, पण बोट फिरवलं तर कळतं की डाव्या चपलेच्या आतल्या बाजूचे टाके जरा जवळजवळ आहेत. एखादा हात तिथे सावकाश चालला असेल. दोन्ही बाजूंचे कान, म्हणजे पट्टा धरणारे कातड्याचे तुकडे, तळाच्या थरांत खोवून शिवलेले, त्यांच्यावरून पट्टा गेलेला, पट्ट्यावर मधोमध वेणी. ही वेणी तीन पदरांची, पदर ज्वारीच्या काडीपेक्षाही बारीक. कारागिरांच्या घरात वेणी आणि नक्षीचं नाजूक काम बहुतेक वेळा बायका करतात. ठोकणं, कापणं पुरुषांकडे, आणि ग्राहकाची नजर आधी जिथे जाते ते काम बायकांच्या हातचं. दुकानात त्यांचा उल्लेख मात्र कुणी करत नाही, म्हणून इथे करते.

रंग सांगण्यासारखा आहे, कारण तो लावलेला रंग नव्हे. कातडं चुन्यात भिजवून केस काढतात आणि मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवतात. जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगतात, आत हे पाणी भरतात, आणि ते कातड्यातून हळूहळू झिरपत राहतं. त्याला आठवड्यांवर आठवडे लागतात. क्रोमच्या रसायनाने कमावलेलं कातडं त्या मानाने फार झटपट तयार होतं, मऊही असतं. पण चालायच्या चपलेच्या तळाला बाभूळ-हिरड्याचंच कातडं हवं. ते ताठ राहतं, घाम शोषून घेतं आणि काही दिवसांनी तुमच्या पावलाचा आकार धरतं. ओळखायची खूण सोपी आहे. तळाची कापलेली कड बघा. आतपर्यंत तपकिरी दिसली तर झाडपाल्यात कमावलेलं. मधे निळसर-राखाडी पट्टा दिसला तर क्रोमचं. वासही घ्या. माझ्या जोडीला अजून ओल्या सालीचा कडसर वास येतो आणि मला तो आवडतो.

नवी चप्पल चावते. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी निम्मे लोक पहिल्याच आठवड्यात ती कपाटात टाकतात. माझी जोडी आणली तेव्हा वाळत घातलेल्या पापडासारखी ताठ होती. मामांनी सांगितलं होतं: "नव्यात चावणार. खोबरेल लावा आतनं-बाहेरनं, रात्रभर ठेवा, सकाळी फडक्यानं पुसा. पयल्यांदा घरातल्या घरात घाला. पाण्यात तेवढी घालू नगा." मी तसंच केलं. अंगठ्याच्या कडीला आतून जास्त तेल दिलं, कारण पहिला चावा तिथे असतो, दुसरा कानाच्या वरच्या कडेला. आधी घरात, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग बिनखांबी गणेशपर्यंत, असं अंतर वाढवत नेलं. दोन-अडीच आठवड्यांनी पूर्ण फेरी केली आणि पायाला काही झालं नाही. टाचेखाली आता एक उथळ खळगा तयार झाला आहे आणि बोटांच्या जागा स्पष्ट उमटल्या आहेत. माझ्या बहिणीने घालून बघितली तर तिला ती बोचली. आमचा नंबर एकच आहे.

आता मुख्य गोष्ट: चालताना कशी आहे? ते रस्त्यावर अवलंबून आहे, आणि आमच्या शहरात एका फेरीत चार तऱ्हेची जमीन लागते.

डांबरी रस्त्यावर ही चप्पल चांगली. निवृत्ती चौक ते महाद्वार या तुकड्यात ती जराही जाणवत नाही. तळ जाड असल्यामुळे खडी टोचत नाही आणि उन्हाळ्यात तापलेल्या डांबराची झळ वर येत नाही. एप्रिलमध्ये दुपारी चारला मी मुद्दाम बाहेर पडून बघितलं. रबरी चपलेत तळपाय भाजतात, घाम येऊन पाय आत घसरतो. यात ते होत नाही. हा तिचा सगळ्यात मोठा गुण, आणि कोल्हापूरच्या उन्हाळ्यात चालणाऱ्याला एवढा एकच गुण पुरेसा आहे.

दगडावर ती चांगली की वाईट हे दगडावर ठरतं. भवानी मंडपात कोरड्या दगडी जमिनीवर तळाचा ठक-ठक असा भरीव आवाज येतो, पाऊल घट्ट पडतं, ताठ चालावंसं वाटतं. पंचगंगा घाटावर मात्र जपून. तिथल्या पायऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेल्या, खालच्या पायऱ्या कायम ओलसर. चामड्याचा तळ तिथे धरत नाही. त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे घाटावर पणत्या लावतात, तेव्हा तेल सांडून पायऱ्या आणखी निसरड्या होतात. मी त्या पहाटे चप्पल हातात घेतली आणि अनवाणी उतरले. तुम्हीही तेच करा.

फुटपाथच्या चकचकीत फरशा हा तिचा खरा शत्रू. जिथे जिथे सुशोभीकरण म्हणून गुळगुळीत फरशी बसवली आहे, तिथे थोडी धूळ किंवा दोन थेंब पाणी असलं तरी टाच सरकते. साठी ओलांडलेल्या माणसाने हे गंभीरपणे घ्यावं. यावर उपाय आहे. चप्पल लाईनीत "खाली रबर मारून देऊ का?" असं विचारतात. पूर्ण तळाला रबर मारलं तर चप्पल जास्त टिकते, घसरत नाही, पण ती ताठ होते आणि पाऊल वाकताना चामडं जे मुरडतं ते मुरडेनासं होतं. मी फक्त टाचेला पातळ रबर मारून घेतलं. पुढचा भाग चामड्याचाच ठेवला. शंभर रुपये पडले. माझ्या मते रोज चालणाऱ्याने हेच करावं, आणि खरेदीच्या वेळीच करून घ्यावं.

राहिली माती. रंकाळ्याच्या काठाला काही ठिकाणी पायवाट कच्ची आहे. तिथे कोल्हापुरी जितकी शोभते तितकी कुठेच नाही. पाय थोडा खाली रुततो, टाच धरून ठेवते, बोटं पुढे मोकळी. संध्याकाळी शालिनी पॅलेसच्या बाजूला ऊन उतरतं, समोर पाणी असतं, आणि पायाखाली काय आहे याचा विचारच राहत नाही. चालायच्या चपलेकडून याहून जास्त मी काही मागत नाही. उन्हाळ्यात पाणी आटलं की संध्यामठ तळापर्यंत उघडा पडतो. तेव्हा त्याच्याभोवतीच्या भेगाळलेल्या जमिनीवरूनही मी ती घालून हिंडले. कडेला माती चिकटली, ती सुकल्यावर ब्रशने निघाली, डाग राहिला नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. सकाळी सहाला रंकाळ्याला झपझप फेऱ्या मारणारे जे लोक आहेत, ज्यांना डॉक्टरांनी घाम येईपर्यंत चालायला सांगितलं आहे, त्यांनी ही चप्पल घेऊ नये. रस्त्याने पूर्ण वेढा चार-साडेचार किलोमीटरचा होतो आणि तो जोरात मारायचा तर बूटच हवेत. कोल्हापुरीत टाचेला मागून आधार नाही, तळाला उसळी नाही, वेग वाढवला की अंगठ्यावर सगळा ताण येतो आणि पोटऱ्या दुखतात. मधुमेह असलेल्यांनी तर नव्या कोल्हापुरीपासून लांबच राहावं, चावलेली जखम त्यांना परवडणारी नाही. ही चप्पल फेरफटक्याची, कामाला जाता जाता चालण्याची, बोलत बोलत चालण्याची. व्यायामाला व्यायामाचंच पायताण.

पाण्याचं म्हणाल तर मामांचं वाक्य शब्दश: पाळा. वळवाच्या एका सरीत मी गंगावेशेत सापडले. दूध कट्ट्यापाशी आडोशाला उभी राहिले, समोर म्हैस पिळून गरम फेसाळ दूध हातात देतात ते घेतलं, पण रस्त्यावरून पाणी वाहत आलं आणि तळ भिजला. घरी येऊन चप्पल पंख्याखाली सावलीत आडवी वाळवली. उन्हात ठेवली तर वाकते आणि तडकते. वाळल्यावर पुन्हा तेल दिलं. आकार बिघडला नाही, फक्त रंग अर्धा पाऊण छटा गडद झाला. पण हे एकदाच चालतं. रोजच्या पावसाला ती टिकणार नाही, थर सुटतात, बुरशी येते. कोल्हापूरचा पावसाळा काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. रोज सकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फूट झाली ते विचारायची वेळ येते, 39 फुटांवर इशारा आणि 43 फुटांवर धोका हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. ते आकडे बातम्यांत यायच्या कितीतरी आधी, मृगाचा पहिला पाऊस झाला की कोल्हापुरी पुसून, तेल लावून, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून वरच्या फळीवर जायला हवी. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत दमट होऊन पांढरी बुरशी धरते. म्हणजे वर्षातले आठ महिने ही चप्पल आणि चार महिने रबरी. हा हिशोब करूनच पैसे घाला.

माझ्या भाचीने पुण्यात बसून ऑनलाईन एक जोडी मागवली होती. दिसायला माझ्यापेक्षा देखणी, किंमत निम्मी, डब्यावर कोल्हापुरी म्हणून ठसठशीत लिहिलेलं. महिनाभरात तळ सुटला आणि आत दाबलेला पुठ्ठा निघाला. वरची वेणी रेक्झिनची, शिवण मशिनची, थर डिंकाने चिकटवलेले. तिने ती फेकली आणि म्हणाली, कोल्हापुरी टिकत नाहीत. मला याचंच वाईट वाटतं. नकली वस्तू मोडते आणि बदनाम अस्सल होते. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, अशा आठ जिल्ह्यांत बनलेल्या चपलेलाच हे नाव लावता येतं. कर्नाटकचं नाव ऐकून आमच्याकडचे काही जण तेव्हा नाराज झाले. मला ते पटत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आले आहेत आणि त्यांच्या हातचा माल आमच्या बाजारात कायम विकला गेला आहे.

2025 च्या जून महिन्यात मिलानमध्ये प्राडाच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्याच चपला दिसल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलेलं नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केलं. त्या दिवसांत चप्पल लाईनीत टीव्हीवाले उभे असत. मला त्या सगळ्यात एकच प्रश्न पडत होता: परदेशात तशाच चपलेचे लाखाच्या घरात पैसे देणारे लोक आहेत आणि इथे आपण 1,800 चे 1,600 करा म्हणून अडून बसतो. एक जोडी हाताने पूर्ण करायला कमावण्यापासून धरलं तर आठवडे जातात, अनेक माणसांचे हात लागतात. सुभाषनगर, जवाहरनगरकडे ही कामं चालतात. तिथे आरी धरून बसलेल्या माणसाच्या पाठीचा बाक एकदा बघून या, म्हणजे घासाघीस करायला तोंड उघडणार नाही.

बिंदू चौकातून जाताना मी नेहमी क्षणभर थांबते. तिथे महात्मा फुल्यांच्या शेजारी बाबासाहेबांचा पुतळा आहे, 1950 साली, ते हयात असताना उभारलेला. भाऊसिंगजी रोडला, तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं होतं आणि तिथे कुणी जाईना म्हणून शाहू महाराज स्वतः चहा प्यायला जात. हे ज्या शहरात घडलं, त्या शहरात चामड्याचं काम करणाऱ्याच्या हातचं पायताण अभिमानाने मिरवायचं आणि त्याच्या मजुरीला मात्र काटछाट करायची, हे मला जमत नाही. म्हणून घासाघीस केली नाही.

खासबागेकडची फेरी ही या चपलेची सर्वात जुनी फेरी असावी. कुस्तीच्या मैदानाला जाणारी माणसं फेटा बांधून, करकर वाजणारं पायताण घालून जायची असं वडील सांगायचे. हा आवाज आपोआप येत नाही, तळाच्या थरांत तो मुद्दाम बसवून घेतात आणि आजही सांगून बनवून मिळतो. माझ्या जोडीत नाही, मला रोजच्या चालण्यात तो नको वाटला. देवळात शिरताना सगळे वळून बघतात. पण गणपतीत मिरवणुकीसाठी म्हणून घेणार असाल तर जरूर बसवून घ्या. खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी बांधलेलं ते पॅलेस थिएटर ऑगस्ट 2024 मध्ये आगीत सापडलं. तिथे पोचलं की माझं चालणं आपसूक मंदावतं. लहानपणापासूनची नाटकं तिथे पाहिलेली आहेत. मग पुढे भेळ घ्यायची आणि मिरजकर तिकटीवरून घरी.

देवळाबाहेरच्या स्टँडबद्दल एक व्यवहाराची सूचना. अंबाबाईला गर्दीच्या दिवशी, विशेषतः किरणोत्सवाच्या वेळी, म्हणजे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात तेव्हा सगळे एकाच वेळी आत लोटतात. नवी कोल्हापुरी उघड्यावर सोडून जाऊ नका, बिल्ला घेऊन स्टँडवरच द्या. शिवाय साध्या तपकिरी जोड्या सगळ्या एकसारख्या दिसतात. मी माझ्या डाव्या चपलेच्या कानाला आतून लाल रेशमाची एक गाठ मारली आहे. बाहेरून दिसत नाही, मला लगेच सापडते.

दुरुस्तीसाठी मी आतापर्यंत एकदाच गेले. उजव्या अंगठ्याची कडी सैल झाली होती. मामांनी जुनी वादी उपसून नवी ओवली, पाण्यात बुडवून मऊ केलेल्या वादीची गाठ दगडावर ठोकून बसवली आणि पैसे घेतले नाहीत. "आमच्याकडची हाय, आमीच बघायची," म्हणाले. मी आग्रह केला तेव्हा चहा सांगा म्हणाले. चहा पिता पिता सासूबाईंसाठी जोड मिळेल का विचारलं. त्यांचं वय 78, पाय सुजतात, पट्टा सैल हवा आणि टाचेला पूर्ण रबर. तयार मालात तसं मिळणार नाही, पाऊल कागदावर काढून आणा, म्हणाले. बॉलपेनने, दोन्ही पायांचं वेगवेगळं, आणि संध्याकाळी काढा, सकाळी सूज कमी असते.